खाज थांबत नाही, चट्टा जात नाही: त्वचेची तक्रार लिम्फोमाचं लक्षण कधी असू शकते?

अंगाला खाज सुटली की आपल्याकडे संशय ठरलेले असतात. गजकर्ण, खरूज, उष्णता, अंगावर उठलेलं पित्त, नाहीतर ‘रक्त खराब झालंय’. अहिल्यानगर शहराला लागून पुणे रस्त्यावर असलेल्या केडगावात ऊन, घाम, शेतातली आणि कांद्याच्या चाळीतली धूळ, कारखान्यातल्या पाळ्या हे सगळं आहेच. त्यामुळे यातला एखादा संशय बहुतेक वेळा खराही ठरतो. मेडिकलमधून ट्यूब आणली जाते, आठ-पंधरा दिवसांत आराम पडतो आणि विषय संपतो.

काही जणांचा विषय मात्र संपत नाही. ट्यूब बदलते, डॉक्टर बदलतात, पथ्य बदलतं, पण खाज किंवा चट्टा जागचा हलत नाही. अशा लोकांमध्येही बहुतेकांचं कारण साधंच निघतं. मोजक्या काही जणांमध्ये मात्र त्वचेची ही तक्रार लिम्फोमा नावाच्या कॅन्सरची पहिली खूण असते.

हे मोजके लोक वेळेवर ओळखायचे कसे, कोणत्या तपासण्या करायच्या आणि केडगावसारख्या ठिकाणाहून जायचं कुठे, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

• खाज किंवा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. दुसरी कारणं कितीतरी जास्त आढळतात.
• सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली, पुरळ नसलेली खाज डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.
• कपड्याखाली झाकलेल्या भागावर महिनोन्‌महिने टिकणारे चट्टे आणि औषधाला दाद न देणारा ‘नायटा’ यांची बायोप्सी लागू शकते.
• सोबत न दुखणारी गाठ, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं यांपैकी काही असेल तर थांबू नये.
• निदान होण्याआधी स्टेरॉइडची ट्यूब, गोळी किंवा इंजेक्शन घेतलं तर खरा आजार झाकला जाऊ शकतो.

लिम्फोमा म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी जंतूंशी लढायचं काम करतात. या पेशींचे अड्डे शरीरात जागोजागी असतात. मान, काख आणि जांघेतल्या लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा ही त्यातली मुख्य ठिकाणं.

पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. ती याच लसिका ग्रंथीची सूज असते. जखम बरी झाली की ती उतरते.

लिम्फोमात ही सूज जंतूंमुळे नसते. लिम्फोसाइट पेशीच बेताल वाढू लागतात. म्हणून लिम्फोमातली गाठ बहुधा दुखत नाही, आपोआप उतरत नाही आणि हळूहळू मोठी होते.

लिम्फोमाचे दोन मोठे गट आहेत. ब्रिटिश डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेला तो हॉजकिन लिम्फोमा. बाकी सगळे नॉन-हॉजकिन लिम्फोमा. या दुसऱ्या गटात डझनावारी प्रकार येतात. काही वर्षानुवर्षं संथ राहतात, तर काही आठवड्यांत बळावतात.

गाठींच्या आजाराचा त्वचेशी काय संबंध?

लिम्फोमा त्वचेवर तीन वाटांनी दिसू शकतो.

पहिली वाट म्हणजे आजाराची सुरुवातच त्वचेत होते. त्वचेत पहारा देणाऱ्या टी-लिम्फोसाइट पेशीच बिघडतात. याला त्वचेचा टी-सेल लिम्फोमा म्हणतात.

दुसऱ्या वाटेत लिम्फोमा शरीरात आत सुरू होतो आणि नंतर त्याच्या पेशी त्वचेत येतात. तेव्हा त्वचेवर लालसर-जांभळ्या, घट्ट गाठी दिसतात.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. इथे त्वचेत कॅन्सरची एकही पेशी नसते. आत दडलेला लिम्फोमा सायटोकाइन नावाची रसायनं सोडतो आणि त्यांचा परिणाम त्वचेवर खाज किंवा कोरडेपणाच्या रूपात दिसतो. खाजणाऱ्या जागेचा तुकडा तपासला तरी त्यात काही सापडत नाही, कारण आजार दुसरीकडेच असतो.

पुरळ नाही, पण खाज आहे

हॉजकिन लिम्फोमाच्या साधारण दर १० रुग्णांपैकी १ ते ३ जणांना खाजेचा त्रास होतो. काहींना गाठ हाताला लागण्याच्या कित्येक महिने आधी खाज सुरू होते.

ही खाज कशी असते? सुरुवातीला त्वचेवर काहीच दिसत नाही. पुरळ नाही, चकंदळ नाही. पुढे दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे आणि काळे पडलेले डाग. ती बऱ्याचदा पायांपासून सुरू होऊन अंगभर पसरते, रात्री वाढते आणि झोप मोडते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

हॉजकिन लिम्फोमा तरुण वयातही होतो. त्यामुळे वीस-तीस वर्षांच्या माणसाला पुरळ नसताना अशी खाज आठवडेच्या आठवडे सुटत असेल, तर ‘या वयात कसलं काय’ म्हणून सोडून देऊ नये.

असं असलं तरी पुरळ नसलेल्या खाजेमागे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. थंडीत कोरडी पडलेली त्वचा, रक्तातलं लोह कमी होणं, थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, किडनीचा जुना आजार, पित्तनलिकेतला अडथळा किंवा एखादं चालू औषध. घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटली असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतील, तर ती खरूज असण्याची शक्यता जास्त.

धोका नेमका किती, याचा अंदाज डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. खाजेसाठी रुग्णालयात गेलेल्या सुमारे १३ हजार लोकांची नोंद त्यात तपासली गेली. अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षभरात त्यांच्यापैकी दोन टक्क्यांपेक्षा कमी लोकांमध्ये कॅन्सर सापडला, तोही सगळे प्रकार मिळून. म्हणजे खाजेच्या रुग्णालयातल्या रुग्णांमध्येही शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना त्या वर्षात कॅन्सर निघाला नाही. घाबरून जायचं कारण नाही, पण उरलेल्यांसाठी तपासणी महत्त्वाची आहे.

‘फंगस’ नाव असलेला, फंगस नसलेला आजार

त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स. नावात फंगस आहे, पण बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले डॉक्टर जाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये या आजाराचा रुग्ण पाहिला. त्याच्या अंगावरच्या गाठी त्यांना अळंबीसारख्या दिसल्या. त्यावरून पडलेलं नाव दोनशे वर्षांनंतरही चालू आहे.

आज बहुतेक रुग्णांमध्ये आजार अळंबीसारख्या गाठींपर्यंत पोहोचत नाही. सुरुवात होते ती सपाट, लालसर किंवा फिकट, थोड्या खवलेदार चट्ट्यांनी. मांड्यांचा वरचा भाग, नितंब, पोट, कंबर, स्तनांखालचा भाग अशा ऊन न लागणाऱ्या जागा त्याला आवडतात. चट्टे कधी खाजतात, कधी नाही. ते कमी-जास्त होतात, उन्हाळ्यात फिकट पडतात, पुन्हा उमटतात.

हे वर्णन नायटा, इसब किंवा सोरायसिसलाही लागू पडतं, म्हणूनच गोंधळ होतो. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत काही वर्षं जाणं ही या आजाराची जगभरची कहाणी आहे. पहिल्या बायोप्सीत स्पष्ट उत्तर न मिळणं आणि काही महिन्यांनी पुन्हा तुकडा घ्यावा लागणं हेही सर्रास घडतं. त्यात डॉक्टरांची हलगर्जी असतेच असं नाही. सुरुवातीला बिघडलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात की सूक्ष्मदर्शकाखालीही त्या साध्या इसबासारख्या दिसतात.

जुनी अमेरिकन मालिका ‘द ए-टीम’मधला अभिनेता मिस्टर टी अनेकांना आठवत असेल. त्याला १९९५ मध्ये त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचंच निदान झालं होतं. उपचारांनंतर तो पुढे अनेक वर्षं लोकांसमोर वावरत राहिला.

पांढरट चट्टे: शिबं, कोड, कुष्ठरोग की आणखी काही?

परदेशी वेबसाइटवर या आजाराचे फोटो शोधले तर गोऱ्या त्वचेवरचे लाल चट्टे दिसतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तो वेगळा दिसू शकतो. भारतीयांमध्ये आणि एकूणच गडद त्वचेच्या लोकांमध्ये मायकोसिस फंगॉइड्सचा एक प्रकार फक्त फिकट, पांढरट चट्ट्यांच्या रूपात येतो. तो तरुणांमध्ये आणि कधी मुलांमध्येही आढळतो. संथ असतो आणि उपचारांना चांगली दाद देतो. पण आधी तो ओळखला जायला हवा.

फिकट चट्टा दिसला की आपल्याकडे चार गोष्टींचा विचार होतो.

• शिबं: छाती, पाठ, खांद्यावर बारीक भुरकट ठिपके, नखाने खरवडलं की कोंडा निघतो. हा बुरशीचा प्रकार आहे. औषधाने जातो, रंग परत यायला मात्र वेळ लागतो.
• मुलांच्या गालावरचे फिकट डाग: ‘जंत झालेत’ किंवा ‘कॅल्शियम कमी आहे’ असं म्हणतात. बहुतेकदा हा कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतो.
• कोड: डाग दुधासारखा पांढराशुभ्र, कडा स्पष्ट, त्वचा गुळगुळीत.
• कुष्ठरोग: फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श, गरम-गार किंवा टोचलेलं कमी कळतं.

लिम्फोमाचे चट्टे कोडाइतके पांढरे नसतात, त्यांना संवेदना असते आणि बुरशीच्या औषधाने ते जात नाहीत. ते कपड्याखाली लपलेले असल्याने घरच्यांनाही दिसत नाहीत. चट्टा यातल्या कशातच नीट बसत नसेल किंवा ज्या आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी तो हटत नसेल, तर तुकडा तपासणे हाच खात्रीचा मार्ग.

आशाताई घरी येऊन कुष्ठरोगासाठी चट्टे पाहतात तेव्हा लाजेने ‘काही नाही’ म्हणू नका. चट्टा दाखवल्याने कुष्ठरोग असेल तर तो लवकर कळतो आणि नसेल तर पुढची तपासणी सुरू होते.

कुष्ठरोग आणि कॅन्सर हे दोन विषय महाराष्ट्रात एकाच प्रयोगशाळेत हाताळले गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले आणि पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी दोन्ही आजारांवर संशोधन केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या, मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांचंही काम कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्हींत आहे. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढच्या काळात त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणीही केली होती.

त्वचेच्या आणखी कोणत्या खुणा?

मोठेपणी सुरू झालेली खवलेदार त्वचा: लहानपणापासून त्वचा कोरडी असणं वेगळं. चांगल्या त्वचेच्या प्रौढ माणसाच्या नडग्यांवर अचानक माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसू लागले, तर आतल्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. थायरॉइड, कुपोषण, कुष्ठरोग आणि त्यावरचं एक औषध यांनीही असं होतं. हॉजकिन लिम्फोमा हे त्यातलं एक जाणकारांना माहीत असलेलं कारण आहे.

सगळं अंग लाल होणं: शरीराचा जवळजवळ सगळा भाग लाल, गरम आणि खवलेदार होणं ही स्वतःच एक तातडीची स्थिती आहे. बहुतेकदा ती सोरायसिस, इसब किंवा औषधाच्या रिॲक्शनमुळे होते. काहींमध्ये मात्र सेझारी सिंड्रोम नावाचा, रक्तात पसरलेला टी-सेल लिम्फोमा त्यामागे असतो. अशा वेळी घरी थांबू नये.

न दुखणारी घट्ट गाठ: पाय, पाठ, डोकं किंवा हातावर लालसर-जांभळी, घट्ट, आठवड्यागणिक वाढणारी गाठ. ती केसतोडीसारखी पिकत नाही आणि फुटत नाही.

बरी न होणारी तोंडातली जखम: तोंड आणि ओठ सतत सोललेले, सोबत अंगावर फोड. हे फार दुर्मिळ आहे, पण काही लिम्फोमांसोबत दिसतं.

निदान उशिरा का होतं?

आपल्या भागात त्याची तीन कारणं ठळक दिसतात.

पहिलं कारण स्टेरॉइड असलेल्या ट्यूबचं. भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण हट्टी झालं आहे आणि बुरशीचं औषध, प्रतिजैविक व तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास वापरल्या जातात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. म्हणून माणूस ती ट्यूब पुन्हा पुन्हा लावतो, शेजाऱ्यालाही देतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. या ट्यूबने लिम्फोमाचा चट्टाही तात्पुरता फिका पडतो आणि वाटतं, चला, बरं झालं.

दुसरं कारण इंजेक्शन आणि पुड्यांचं. पोटात गेलेलं किंवा इंजेक्शनने घेतलेलं स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशी काही काळ खरोखरच मारतं. खाज थांबते, ताप उतरतो, गाठही लहान होते. काही आठवड्यांनी सगळं परत येतं. मधल्या काळात बायोप्सी झाली तर रिपोर्ट अस्पष्ट येऊ शकतो. नाव नसलेल्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. म्हणून बायोप्सीआधी काय काय घेतलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा. गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या स्वतःहून अचानक बंद करू नका. कशा थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील.

तिसरं कारण टीबीचं. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, घटतं वजन हे चित्र टीबीचंही आहे. जुन्या लोकांच्या भाषेत गंडमाळा. भारतात टीबी जास्त असल्याने हा संशय आधी येणं योग्यच आहे. चूक होते ती गाठीची तपासणी न करता फक्त अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करण्यात. सहा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत लिम्फोमा पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो.

टीबीच्या उपचारात कधी कधी गाठ आधी थोडी वाढते. त्यामुळे गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण ‘माझ्या गाठीतून काही काढून तपासलं आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा. तो विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

डॉक्टरांकडे कधी जावं?

पुढीलपैकी काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन यांना दाखवा.

• पुरळ नसलेली, झोप मोडणारी खाज सहा आठवड्यांहून जास्त.
• ‘नायटा’ किंवा ‘इसब’ म्हणून पूर्ण उपचार घेऊनही दोन-तीन महिन्यांत न हटलेला चट्टा.
• मोठेपणी अचानक आलेली खवलेदार त्वचा.
• त्वचेवर वाढत जाणारी, न दुखणारी, घट्ट गाठ.

आणि यांपैकी काही सोबत असेल तर त्याच आठवड्यात जा.

• मान, काख किंवा जांघेत चार ते सहा आठवडे टिकलेली, न दुखणारी, रबरासारखी गाठ. कॉलर बोनच्या वरची गाठ कितीही लहान असली तरी दाखवावी.
• कारण न सापडणारा, ३८ अंश सेल्सिअसच्या (सुमारे १००.४ फॅरनहाइट) वर जाणारा ताप.
• अंथरूण-पांघरूण बदलावं लागेल इतका रात्रीचा घाम.
• सहा महिन्यांत प्रयत्न न करता दहा टक्के वजन कमी होणं. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सहा किलो.

अंग अचानक सगळीकडे लाल होणं, श्वास लागणं, झोपल्यावर धाप लागणं किंवा चेहरा-मान सुजणं असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. छातीतल्या मोठ्या गाठींनी शेवटचे हे त्रास होऊ शकतात.

कोणत्या तपासण्या होतात?

पहिली तपासणी यंत्राविना होते. डॉक्टर कपडे बाजूला करून सगळी त्वचा पाहतात आणि मान, काख, जांघ, पोट हाताने तपासतात. ही पायरी घाईत गाळली जाते. तसं होत असेल तर तुम्हीच सांगा, ‘डॉक्टर, जरा गाठी बघता का?’

त्यानंतर साध्या तपासण्या. सीबीसी, ईएसआर, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, लोहाचं प्रमाण, एलडीएच आणि छातीचा एक्स-रे. यातूनच खाजेची बहुतेक कारणं उलगडतात. हॉजकिन लिम्फोमात छातीच्या मधल्या भागातल्या गाठी एक्स-रेमध्ये दिसू शकतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून लिम्फोमा नाहीच असं ठरत नाही. त्रास चालूच राहिला तर काही आठवड्यांनी पुन्हा दाखवावं.

नक्की निदान होतं ते बायोप्सीने. चट्ट्याची बायोप्सी जागा बधिर करून, काही मिनिटांत, ॲडमिट न होता होते. गाठीच्या बाबतीत सुईने पाणी काढून तपासणं, म्हणजे एफएनएसी, ही पहिली पायरी ठीक आहे. टीबी त्यात सापडू शकतो. लिम्फोमाच्या संशयात मात्र ती अनेकदा अपुरी पडते आणि पूर्ण गाठ काढून किंवा जाड सुईने तुकडा घेऊन तपासावं लागतं. त्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची विशेष तपासणी होते. लिम्फोमाचा नेमका प्रकार त्यावर ठरतो आणि औषध त्या प्रकारावर.

केडगावहून कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या फॅमिली डॉक्टरपासून किंवा शहरातल्या जिल्हा रुग्णालयातून करता येते. त्वचारोग आणि विकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच ठिकाणी हवे असतील तर मेडिकल कॉलेजची रुग्णालयं सोयीची पडतात. जिल्ह्यात विळद घाटातलं डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं मेडिकल कॉलेज आणि राहाता तालुक्यात लोणीचं प्रवरा मेडिकल कॉलेज आहे. लिम्फोमा निघाला तर पुढच्या उपचारांसाठी पुणे, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किंवा मुंबईतलं टाटा मेमोरियल असे पर्याय आहेत.

खर्चाच्या भीतीने अनेक जण तपासणीच टाळतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या. आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, वापरलेल्या ट्यूबची रिकामी खोकी आणि चट्ट्याचे महिन्या-महिन्याच्या अंतराने काढलेले फोटो. चट्टा वाढतोय की हलतोय हे फोटोवरून डॉक्टरांना पटकन कळतं.

उपचारांनी बरं वाटतं का?

हॉजकिन लिम्फोमा हा बऱ्या होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. केमोथेरपी आणि गरजेनुसार रेडिएशन यांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचार सुरू झाले की खाज बऱ्याचदा लवकर थांबते.

मायकोसिस फंगॉइड्स सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर केमोची गरज सहसा पडत नाही. लावायची औषधं आणि अतिनील किरणांची प्रकाश-उपचार पद्धत पुरते. लावायच्या औषधांत स्टेरॉइड मलमही असतं. मग आधी ट्यूब लावली तर काय बिघडलं? फरक इतकाच की इथे आजार कळल्यानंतर, मोजून-मापून आणि देखरेखीखाली ते वापरलं जातं. आजार पूर्ण गेला नाही तरी अनेक रुग्ण त्याच्यासह दीर्घकाळ व्यवस्थित जगतात.

परत उलटलेल्या काही बी-सेल लिम्फोमांसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेली भारतीय बनावटीची कार-टी उपचारपद्धती आता उपलब्ध आहे. तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी ती नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो का?
नाही. लिम्फोमाच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. बायोप्सीशिवाय योग्य औषध ठरवताच येत नाही.

हा आजार शिवल्याने होतो का?
नाही. एकत्र जेवणं, झोपणं, कपडे वापरणं, यापैकी कशानेही तो पसरत नाही. ‘रक्त अशुद्ध’ असल्याने किंवा वांगी-मासे खाल्ल्यानेही तो होत नाही.

घरगुती लेप, आयुर्वेदिक औषध घेतलं तर चालेल का?
खोबरेल तेलासारख्या गोष्टींनी कोरडेपणाला आराम मिळतो, त्याला हरकत नाही. मात्र वर दिलेल्या खुणा असतील तर कोणताही उपचार ‘आधी बघू’ म्हणून महिनोन्‌महिने लांबवू नका आणि घटक न लिहिलेली पुडी घेऊ नका.

मोबाइलवर फोटो पाठवून किंवा रील पाहून ओळखता येईल का?
नाही. मायकोसिस फंगॉइड्स आणि साधा इसब यांत तज्ज्ञांनाही नुसत्या नजरेने फरक करता येत नाही. फोटो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी आहे, स्वतःचं निदान करायला नाही.

माहितीने फरक पडतो

बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचे आणि कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये हे सांगायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात तपासणीला येऊ लागल्याचं दिसून आलं. त्यासाठी ना नवं यंत्र आणावं लागलं, ना नवं औषध.

लिम्फोमा त्या कॅन्सरपेक्षा दुर्मिळ आहे आणि त्याच्या खुणा जास्त फसव्या आहेत. म्हणून प्रत्येक खाजेला घाबरायचं नाही. मात्र तुमच्या ओळखीत कुणी वर्षभर ट्यूबवर ट्यूब बदलत असेल, तर त्याला दोन प्रश्न विचारा. गाठी तपासल्या का? आणि चट्ट्याचा तुकडा तपासला का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला पुढच्या ट्यूबऐवजी डॉक्टरांकडे घेऊन जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)